जुन्या सागवानी फळ्यांची जमीन दर पावसाळ्यात का उचलते? कारण शोधण्याचा क्रम

जुलैच्या मध्यापासून तक्रारी येऊ लागतात. दिवाळीच्या सुमारास बसवलेली सपाट जमीन आता अनवाणी पायाला खडबडीत लागते, कारण प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर आलेल्या असतात आणि मधला भाग पन्हळीसारखा खोल गेलेला असतो. काही घरांत उलटे होते, म्हणजे कडा खाली राहतात आणि मधला भाग कासवाच्या पाठीसारखा फुगतो. कुठे भिंतीलगतची किंवा खोलीच्या मधली एखादी ओळ जमिनीपासून सुटते, पाय ठेवला की दबते आणि उचलला की पुन्हा वर येते. दाराचा पल्ला अचानक घासू लागतो. एप्रिल-मे महिन्यांत याच जमिनीच्या सांध्यांत फटी पडतात, त्यांत कचरा भरतो आणि ठरावीक चार-दोन फळ्या प्रत्येक पावलाला करकरतात. एखाद्या सकाळी फळीवर गव्हाच्या पिठासारखी बारीक भुकटी दिसते आणि तिच्याजवळ टाचणीच्या डोक्याएवढे गोल छिद्र असते.

यांतील भुकटी सोडली तर बाकीच्या बहुतेक लक्षणांचे मूळ एकच असते, ते म्हणजे लाकडातील ओलाव्याचा बदल. वाडे आणि जुनी घरे पाडताना निघालेल्या सागवानाच्या जमिनी पुण्यात आणि कोकणात बसवण्याचे आणि त्याहून अधिक वेळा दुरुस्त करण्याचे काम मी वर्षानुवर्षे करत आलो आहे. या काळात एक समज मला सर्वांत जास्त वेळा खोडून काढावा लागला. ‘शंभर वर्षांचे लाकूड पुरते मुरलेले असते, ते आता हलत नाही’ असा तो समज आहे. मुरलेले लाकूड नव्या, ओल्या लाकडासारखे वेडेवाकडे वळत नाही आणि त्याचा गाभा टिकाऊ असतो, इतके खरे. मात्र हवेतला दमटपणा वाढला की ते पाणी शोषते आणि फुगते, हवा कोरडी झाली की पाणी सोडते आणि आकसते, हा लाकडाचा धर्म शंभर वर्षांनीही सुटत नाही.

आकड्यांत पाहिले तर हे अधिक पटते. सागवानाची १५० मिलिमीटर रुंद फळी वाढीच्या वर्तुळांना समांतर कापलेली असेल, तर ओलावा १ टक्क्याने बदलल्यावर तिची रुंदी साधारण ०.२८ मिलिमीटरने बदलते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतील आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते आणि ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर राहते, त्यामुळे घरातल्या लाकडात उन्हाळा ते पावसाळा ६ टक्क्यांचा फरक पडणे मुळीच असामान्य नाही. म्हणजे एका फळीमागे सुमारे १.७ मिलिमीटर, आणि १० फुटी खोलीत अशा २० फळ्या असतील तर एकूण ३३ मिलिमीटर. खिळे-स्क्रू काही प्रमाणात ही हालचाल अडवतात, पण मे महिन्यात कडक वाळलेल्या फळ्या एकमेकींना ठोकून घट्ट बसवल्या असतील तर वाढणाऱ्या लाकडाला वर उचलण्यावाचून वाट उरत नाही. सागवान हे कमी हलणाऱ्या लाकडांपैकी आहे, म्हणून तेवढे तरी निभावते.

पैसा न लागणारी तपासणी

सर्वप्रथम खोलीचा एक साधा नकाशा कागदावर काढावा आणि कोणत्या फळ्या बिघडल्या आहेत ते त्यावर खुणावे. ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि थेट पॉलिशवाल्याला बोलावतात, पण बिघाडाचा आकारच अर्धे उत्तर देतो. सगळी खोली सारखीच वर-खाली झाली असेल तर कारण हवेत किंवा फळ्यांखालच्या संपूर्ण कोब्यात, म्हणजे सिमेंट-काँक्रीटच्या थरात, आहे. एका कोपऱ्यातून पंख्यासारखा पसरत गेलेला बिघाड असेल तर त्या कोपऱ्यात पाणी आहे. रत्नागिरीकडच्या एका घरात मी असा नकाशा काढला, तेव्हा सर्वांत जास्त वळलेली फळी न्हाणीघराच्या भिंतीला लागून होती आणि तिथून दूर जावे तसतशी वळण कमी होत गेली होती. भिंतीच्या पलीकडे नळाच्या सांध्यातून होणारी गळती टाइल्सच्या मागून जांभ्याच्या चिऱ्यांत मुरत होती. त्या घराने त्याआधी दोनदा जमीन घासून पॉलिश करून घेतली होती.

वळण मोजण्यासाठी फळीवर आडवी एक सरळ पट्टी ठेवावी आणि मधल्या पोकळीत एटीएम कार्ड जाते का ते पाहावे. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. एक कार्ड जेमतेम जात असेल तर ती ऋतूची नेहमीची हालचाल समजावी आणि काही करू नये. दोन-तीन कार्डे एकत्र जात असतील तर पुढची तपासणी आवश्यक आहे. मोजलेला आकडा आणि तारीख नकाशावर लिहून ठेवावी, कारण महिन्याने पुन्हा मोजल्यावर बिघाड वाढतो आहे की ओसरतो आहे हे त्यावरूनच कळते.

यानंतर घरातल्या सवयी तपासाव्यात. रोज बादलीतल्या पाण्याने ओला पोछा मारणे हे जुन्या फळ्यांच्या जमिनीचे फार मोठे दुखणे आहे. फरशीला जे चालते ते लाकडाला चालत नाही. पाणी सांध्यांतून खाली उतरते, वरचा भाग पंख्याखाली तासाभरात सुकतो आणि खालचा भाग ओलाच राहतो. फळीची खालची बाजू फुगलेली आणि वरची आकसलेली असली की कडा वर येणारच. नीट पिळलेल्या, जवळजवळ कोरड्या फडक्याने पुसणे पुरेसे असते. एसीचेही असेच आहे. पावसाळ्यात बंद खोलीत दिवसरात्र एसी चालू ठेवला तर वरची हवा कोरडी होते, पण खालून दमटपणा येतच राहतो, आणि फळीच्या दोन बाजूंतील फरक वाढतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, एसीच्या पाण्याची नळी आणि धुण्याच्या यंत्राचा पाइप यांच्याकडेही याच वेळी पाहून घ्यावे.

मग घराबाहेर एक फेरी मारावी, शक्यतो पाऊस चालू असताना. अंगणात नंतर घातलेल्या पेव्हर ब्लॉकची पातळी जोत्याच्या वर गेली आहे का, गच्चीच्या पाइपाचे तोंड भिंतीच्या पायाशीच उघडते का, पाण्याचा उतार घराकडे आहे का, एवढे पाहण्यास पाच मिनिटे लागतात. कोकणात जांभ्याच्या भिंती पाणी ओढून घेतात, त्यामुळे तिथे ही फेरी विशेष महत्त्वाची आहे.

स्कर्टिंगची एक पट्टी काढा

फळ्यांच्या लांबीला समांतर असलेल्या भिंतीवरची स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेली, एक पट्टी पटाशीने हळुवार सोडवावी. लाकूड रुंदीत वाढते, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून याच बाजूंना जागा लागते. तिथे भिंत आणि शेवटची फळी यांच्यात १२ ते १५ मिलिमीटर मोकळी जागा असायला हवी. अनेकदा ती जागा सोडलेलीच नसते. कधी सोडलेली असते, पण रंगकामाच्या वेळी तिच्यात प्लॅस्टर, पुट्टी किंवा लाकडाची पाचर अडकलेली असते. खोलीच्या मध्ये खांब असेल तर त्याच्याभोवती आणि दाराच्या चौकटीखालीही पाहावे, कारण चारही भिंतींशी जागा असून केवळ एका चौकटीपाशी अडलेली जमीन खोलीच्या मधोमध उचललेली मी पाहिली आहे. अडथळा सापडला तर तो काढणे किंवा शेवटची फळी कडेने कापून घेणे हे सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. उचललेल्या ओळी त्यानंतर काही आठवड्यांत बऱ्याचदा आपोआप बसतात. त्या बसाव्यात म्हणून वरून खिळे ठोकू नयेत. तसे केल्यास ताण दुसऱ्या ओळीत जातो आणि जुनी फळी खिळ्याच्या रेषेत चिरते.

ओलावा मोजणे

इथून पुढे थोडा खर्च आहे. आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ स्वस्तात मिळते. दोन टोके लाकडात टोचून ओलावा मोजणारे यंत्र त्याहून महाग असते, पण ते एखाद्या सुताराकडून किंवा लाकडाच्या वखारीतून दोन दिवसांसाठी मागून आणता येते. खोलीत किमान १० ठिकाणी मोजावे आणि आकडे नकाशावर मांडावेत. शक्य असेल तिथे एक फळी सोडवून तिचा वरचा आणि खालचा आकडा वेगळा घ्यावा. दोन्हींत ४ टक्क्यांहून अधिक फरक असेल तर पाणी खालून येते आहे असे मी धरून चालतो.

वाड्याच्या फळ्यांच्या बाबतीत इथे एक खास सावधगिरी लागते. हे यंत्र लाकडातून वीज किती सहज वाहते त्यावरून ओलावा सांगते. कडीपाटाच्या, म्हणजे कड्यांवर फळ्या टाकून केलेल्या जुन्या छताच्या, फळ्यांवर पूर्वी माती आणि चुन्याचा थर असे आणि त्यातील क्षार लाकडाच्या रंध्रांत मुरलेले असतात. अशा फळीच्या जुन्या पाठीवर टोके टोचली तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. जुन्या खिळ्याभोवतीच्या काळ्या डागाजवळही तेच घडते. म्हणून आधी पटाशीने थोडा भाग ताजा करून घ्यावा आणि मगच टोचावे. यंत्रात लाकडाची जात निवडता येत असेल तर सागवान निवडावे. ती सोय नसेल तर एकट्या आकड्यावर विसंबू नये, बिघडलेल्या आणि चांगल्या फळीतील फरक पाहावा.

भारतीय मानक आयएस २८७ हे देशाचे हवामानानुसार चार भाग करून कोणत्या भागात कोणत्या कामाच्या लाकडात किती ओलावा चालेल ते सांगते. दिल्लीत जे योग्य ते मालवणात योग्य ठरत नाही, हे त्यामागचे साधे तत्त्व आहे. फळ्या त्या घराच्या वर्षभरातील सरासरी ओलाव्याला असताना बसवल्या तर त्या पावसाळ्यात थोड्या वाढतात आणि उन्हाळ्यात थोड्या आकसतात, आणि दोन्ही हालचाली जमीन सहन करते. ऑगस्टमध्ये उघड्या वखारीतून भिजलेल्या फळ्या आणून आठवड्याभरात बसवल्या तर एप्रिलमध्ये रुंद फटी पडणार हे ठरलेलेच आहे. अशा फटी लांबीच्या लांबी पुट्टीने भरू नयेत, कारण पुढच्या पावसाळ्यात ती पुट्टी पाचरीचे काम करते आणि जमीन उचलते.

कोब्यातून ओल येते का?

तळमजल्याच्या खोलीत वरील सर्व तपासण्या निर्दोष निघाल्या तर दोन-तीन फळ्या उचलून खालचा कोबा तपासावा. ४५ सेंटिमीटर चौरस जाड प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि किमान १६ तास, शक्यतो पूर्ण दिवस, तसाच राहू द्यावा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले किंवा खालचा कोबा काळपट झाला तर जमिनीतून बाष्प येत आहे. ही तपासणी पावसाळ्यातच करावी. मार्चमध्ये कोरडा दिसलेला कोबा ऑगस्टमध्ये ओला असू शकतो, म्हणून उन्हाळ्यातल्या चांगल्या निकालावर मी भरवसा ठेवत नाही.

नवीन कोब्यावर जमीन घातली असेल तर तारखा पाहाव्यात. काँक्रीटच्या दर इंच जाडीला वाळण्यासाठी सुमारे एक महिना लागतो हा जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे. चार इंची कोबा घालून महिन्याभरात वर लाकूड आले असेल तर कारण शोधण्यास पुढे जाण्याची गरज नाही.

बाष्प येत असल्याचे सिद्ध झाले तर त्यावर वरवरचा इलाज नाही. फळ्या क्रमांक घालून उचलाव्या लागतात, कोब्यावर दोन घटकांचा इपॉक्सी थर किंवा जाड पॉलिथिनचा कागद सांध्यांवर किमान २० सेंटिमीटर चढवून घालावा लागतो आणि मगच रिपा (फळ्यांखालच्या आधाराच्या लाकडी पट्ट्या) व फळ्या परत येतात. खर्च मोठा आहे, म्हणूनच ही तपासणी मी मागे ठेवली आहे.

करकर आणि भुकटी

करकर बहुतेक वेळा फळी आणि खिळा यांच्या घर्षणाची असते. जुन्या फळीतले छिद्र आधीच सैल झालेले असते, त्यातच नवा खिळा ठोकला की तो पकड घेत नाही. एकाने आवाज येणाऱ्या जागी उभे राहून वजन हलवावे आणि दुसऱ्याने कान जमिनीला लावून जागा निश्चित करावी. फळी रिपेवर दाबली जात असेल तर जुन्या छिद्रापासून थोडे दूर नवे छिद्र पाडून स्क्रू बसवावा आणि वर त्याच लाकडाची डाट लावावी. रीपच कोब्यावरून उचलली जात असेल तर रिपेखाली पोकळी आहे, आणि त्यासाठी फळी काढावी लागते. स्क्रू मारण्यापूर्वी जमिनीखालून विजेची किंवा पाण्याची नळी गेलेली नाही याची खात्री करून घ्यावी.

भुकटी दिसली तर ती पुसून तिथे काळा कागद ठेवावा. दोन दिवसांत पुन्हा भुकटी पडली तर भुंगेरा जिवंत आहे. सागवानाचा तांबूस-तपकिरी गाभा कीड सहसा सोडून देते, पण फळीच्या कडेची फिकट पांढरी बाजू मात्र ती खाते, आणि जुन्या फळ्या कापताना रुंदी वाचवण्यासाठी ही बाजू ठेवण्याचा मोह होतो. एक-दोन फळ्यांपुरता प्रश्न असेल तर त्या बदलाव्यात. भुकटीऐवजी मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, किंवा फळी ठोकल्यावर पोकळ वाजली, तर ती वाळवी आहे.

घासकाम सर्वांत शेवटी

पन्हळ आलेली जमीन पावसाळ्यात घासून सपाट करणे ही या कामातील सर्वांत महागडी चूक आहे. घासताना वर आलेल्या कडा कापल्या जातात. पुढे फळी सुकून मूळ आकारात आली की कडा पातळ झालेल्या असतात आणि मधला भाग फुगलेला राहतो. वर सांगितलेली कासवाची पाठ बऱ्याच घरांत अशी तयार होते, आणि ती काढण्यासाठी पुन्हा घासल्यावर फळीची जाडी इतकी कमी होते की खिळ्यांची डोकी वर येतात. पाण्याचे कारण दूर केल्यानंतर वाट पाहावी आणि पंधरा दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सारखे येईपर्यंत घासण्याचे यंत्र घरात आणू नये. बहुतेक घरांत ही वेळ दिवाळीनंतरच येते. तोवर पुष्कळ फळ्या स्वतःहून इतक्या सपाट होतात की घासण्याची गरजच उरत नाही.

घासण्यापूर्वी संपूर्ण जमिनीवरून चुंबक फिरवून तुटलेले खिळे शोधावेत. पॉलिश किंवा डिंक सागवानावर धरत नसेल तर त्यामागे लाकडातले नैसर्गिक तेल असते. ताज्या रंधलेल्या पृष्ठभागावर थिनरचे फडके फिरवून लगेच पुढचे काम केल्यास पकड चांगली येते. कोकणातल्या काही फळ्यांना वाळवीसाठी काजूच्या टरफलाचे तेल लावलेले असते. ते कातडीला भाजल्यासारखे करते, म्हणून हातमोजे घालावेत.

इथे थांबावे

काही गोष्टी घरमालकाने किंवा माझ्यासारख्या माणसानेही पुढे न्यायच्या नसतात. फळ्यांवर जुन्या ऑइलपेंटचा थर शिल्लक असेल तर त्यात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या कोणत्याही रंगाकडे मी संशयानेच पाहतो. असा रंग कोरडा घासू नये, जाळू नये, आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया त्या खोलीत येणार नाहीत हे पाहावे. आधी प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा आणि काम शिशाची धूळ हाताळू शकणाऱ्या माणसाकडे द्यावे.

वाळवी सापडल्यास फळ्या उचकटत बसू नये, कारण ती दुसरीकडे सरकते. अस्तित्वात असलेल्या इमारतींतील वाळवी-उपचारासाठी आयएस ६३१३ चा तिसरा भाग आहे, आणि त्याप्रमाणे काम करणाऱ्या परवानाधारकालाच बोलवावे. भिंतीतील गळती दिसत असूनही तिचा उगम सापडत नसेल तर आधी प्लंबर, मग सुतार.

जमीन कोब्यावर नसून वाड्याच्या मूळ तुळयांवर असेल तर पायाखाली झोल जाणवताच काम थांबवावे. तुळईचे भिंतीत पुरलेले टोक सर्वांत आधी कुजते आणि ते बाहेरून दिसत नाही. तिथल्या लाकडात पेचकस सहज घुसत असेल, किंवा तुळईखालच्या भिंतीला नवी चीर गेली असेल, तर खोली रिकामी करून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे. तोपर्यंत त्या खोलीत कपाट किंवा पाण्याची टाकी ठेवू नये आणि खालच्या खोलीत कोणालाही झोपू देऊ नये.

दुरुस्तीत उरलेल्या चार-सहा फळ्या गच्चीवर किंवा जिन्याखाली टाकू नयेत. त्या त्याच खोलीत पलंगाखाली, मध्ये पट्ट्या घालून आडव्या ठेवाव्यात, म्हणजे पुढे एखादी फळी बदलण्याची वेळ आली तर बदली फळी त्याच हवेत मुरलेली असेल.